बुधवारचा गठ्ठा

अकोल्यात असताना मी एका कार्यालयाची रेकॉर्ड रूम लावली आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलं, असं माझा नवरा म्हणतो. त्याचं सगळंच खरं नसतं, पण हे खरं आहे. त्या खोलीत आधी उंदीर होते, मोडक्या खुर्च्या होत्या आणि कुठल्यातरी निवडणुकीचे पडदे होते. सहा महिन्यांनी तिथे लोखंडी रॅक रांगेत उभे राहिले आणि प्रत्येक गठ्ठ्याला चिठ्ठी लागली. वरचे साहेब पाहून गेले, फोटो निघाले, मला प्रशस्तिपत्र मिळालं. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर कोणी चांगलं म्हटलं की ते माणसाला चढतं. मला चढलं.

मग माझी बदली अमरावतीपासून तासाभरावरच्या एका तालुक्याला झाली. पद तेच, तहसीलीतली अव्वल कारकून. पण आदेशात एक ओळ जास्तीची होती: तालुक्यातल्या सगळ्या सरकारी कार्यालयांचे अभिलेख नियमाप्रमाणे लावून देणे, सुरुवात तहसीलीपासून. मी पहिल्याच आठवड्यात सगळ्या कार्यालयांची बैठक घेतली आणि नियम समजावला. नियम सोपा आहे. अ वर्ग म्हणजे कायम ठेवायचं, लाल कापडात. ब म्हणजे तीस वर्षं, हिरव्यात. क म्हणजे त्याहून कमी, पिवळ्यात. ड म्हणजे वर्षभरानंतर नष्ट करायचं, पांढऱ्यात. तासभर बोलून झाल्यावर कोणाला काही शंका आहे का, असं विचारलं. एकानेच हात वर केला. कापड कोण देणार, असं त्याने विचारलं. बैठक संपली.

तहसीलीची रेकॉर्ड रूम ज्याच्या ताब्यात होती त्याला सगळे दफ्तरी म्हणायचे. रिटायरमेंटला वर्ष राहिलेला माणूस. खिशात दोन पेनं आणि गठ्ठे शिवायचं दाभण, खोलीची किल्ली कमरेच्या करदोड्याला. मी म्हटलं, "काका, गठ्ठ्यांची यादी दाखवा."

"यादी नाई," तो म्हणाला. "खोलीच पाहा ना. हे सोमवार. हे मंगळवार. थे खिडकीकडं बुधवार."

मला वाटलं, हा माझी मस्करी करून राहिला आहे. तसं नव्हतं. तालुक्यात चार-पाच मोठ्या गावांना आठवडी बाजार भरतो, प्रत्येक गावचा वार वेगळा. जी गावं ज्या बाजाराला जातात, त्यांची माणसं त्या दिवशी आमच्या फाटकावरून जातात. आधी तहसीलीत उतरायचं, नक्कल घ्यायची, मग बाजाराला जायचं, ही त्यांची रीत. म्हणून दफ्तऱ्याने सगळ्या गावांचे गठ्ठे वारांप्रमाणे लावले होते. सकाळी आला की त्या त्या वाराचे गठ्ठे झटकून पुढे ओढायचा आणि माणसांची वाट पाहत बसायचा.

मी विचारलं, "आणि सोमवारच्या गावाचा माणूस गुरुवारी आला तर?"

"येत नाई."

"पण आला तर?"

"कायले येईन मॅडम? बाजार सोमवारी हाय."

माझा पारा चढायला वेळ लागत नाही. मी म्हटलं, "काका, हे किराणा दुकान नाही. यापुढे मी विचारेन तेवढंच सांगायचं, बाकीचं बोलायचं नाही." खोलीत दोन कंत्राटी मुली संगणक लावत होत्या, त्यांच्यासमोर म्हटलं. तो "बरं" म्हणाला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला.

तीन महिने आम्ही ते गठ्ठे सोडले आणि बांधले. नाकाला रुमाल, हाताला खाज. एका गठ्ठ्यात कुण्या जुन्या नायब तहसीलदाराचा लोकरी स्वेटर निघाला आणि तो कोणत्या वर्गात घालायचा यावर मुलींचं अर्धा तास भांडण चाललं. मी तो पंचनाम्यासह सामानाचा हिशेब ठेवणाऱ्या नाझरच्या ताब्यात दिला. दफ्तरी रोज यायचा, सांगितलेला गठ्ठा खाली काढायचा, सांगितलेला वर ठेवायचा. विचारलं तर उत्तर द्यायचा, नाहीतर नाही. मला वाटलं, चला, माणूस वळणावर आला.

खिडकीजवळच्या फळीवर शेवटी एक गठ्ठा उरला. जुनाट फडक्यात सुटी पानं, कडा झडलेल्या. वरचं पुठ्ठ्याचं कव्हर नाही, गावाचं नाव नाही, वर्ष नाही. वर टाचलेल्या चिठ्ठीवर दफ्तऱ्याच्या अक्षरात एकच शब्द, बुधवार.

"हे काय आहे?"

"बुधवारचं हाय."

"विषय काय? गाव कोणतं?"

"सुटं हाय. बुधवारच्या सगळ्या गावायचं."

"म्हणजे रद्दी."

त्याने फडक्याची गाठ सोडून दिली. मी वरचं पान पाहिलं. शाई उडालेली होती, अक्षर लागेना. खालची पानं मी पाहिली नाहीत. पाच वाजले होते आणि किती गठ्ठे झाले तो आकडा मला जिल्ह्याला कळवायचा होता. मी मुलींना म्हटलं, "शीर्षक नाही, वर्ष नाही. ड."

"तुमी म्हनता तं ड," दफ्तरी म्हणाला. पांढरं कापड त्याने स्वतः आणलं आणि गाठही नीट मारली.

ड वर्गाची यादी झाली, तहसीलदार साहेबांची सही झाली. कागद बारीक करायचं भाड्याचं यंत्र आवारात आलं. सगळं माझ्यासमक्ष झालं, कारण समक्ष झालं असं लिहावं लागतं. मी फोटो ग्रुपवर टाकला आणि जिल्ह्यातून पटापट अंगठे आले. संध्याकाळी घरी जाताना मी रसमलाई घेऊन गेले.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी, एका बुधवारी, ती बाई आली. हातात प्लास्टिकची पिशवी, बरोबर मुलगी. फुलांची दोन पोती तिने फाटकाशी चौकीदाराजवळ ठेवली होती आणि बोलताना तिचं अर्धं लक्ष तिकडे होतं. मळ्यात झेंडू, शेवंती लावायची आणि बाजारात विकायची, असं त्यांचं घर. मुलीचा सरकारी नर्सिंग कॉलेजात नंबर लागला होता. त्या घरातून बारावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच. प्रवेश झाला होता, पण जात पडताळणीचा दाखला तीन आठवड्यांत दिला नाही तर जागा जाणार होती. समितीला जुन्या काळचा पुरावा लागतो. नवरा चौथी शिकलेला, सासरा शाळेची पायरी न चढलेला. राहता राहिली सासऱ्याच्या बापाच्या जन्माची नोंद. ती गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे गावातले जन्म-मृत्यू लिहून ठेवलेल्या जुन्या वहीत, असणार, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं.

मी खुशीत होते. असा अर्ज आला की माझी व्यवस्था दाखवता येते. गावाचं नाव संगणकात टाकलं, दोन मिनिटांत वही सापडली. लाल कापड, रॅक, फळी, सगळं चिठ्ठीप्रमाणे. वही उघडली तर मधली पानं नव्हती. शिवण सुटून निखळलेली होती आणि नेमकी त्याच वर्षांची. दोन वर्षांपूर्वी वह्या स्कॅन करणारी माणसं येऊन गेली होती. त्यांनी शिवलेलं तेवढं स्कॅन केलं होतं, सुट्याला हात लावला नव्हता.

मी दाराकडे पाहिलं. दफ्तरी उभा होता.

"काका, याची पानं?"

"बुधवारच्या गठ्ठ्यात होती."

मी वही मिटली. मी म्हटलं, "मग तेव्हा का नाही बोललात?"

"तुमी म्हनल्या होत्या, विचारीन तेवढंच सांगा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. "तुमी विचारलं, काय हाय. मी सांगतलं. काहून ठेवलं, हे विचारलं नाई."

बाई आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहत होती. "मंग आता कुठी हाय थे पानं?"

"शोधते," मी म्हटलं. "पुढच्या बुधवारी या."

हे वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं आणि त्यांना नावं ठेवली. ते माझ्या तोंडून किती सहज निघालं याची मला आजही लाज वाटते. ती "बरं" म्हणाली आणि पोती उचलून बाजाराला गेली.

साहेबांना सांगितलं. साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्याला दिवसात चार बैठका होत्या. "लिहून द्या ना," तो म्हणाला. "अभिलेख जीर्ण झाल्यामुळे उपलब्ध होत नाही. सगळीकडे असंच लिहितात." मी जाऊन टाइपही केलं. एका ओळीचं पत्र. त्यात माझं काहीच जात नव्हतं. गेली असती ती त्या मुलीची जागा, कारण नाही म्हणणाऱ्या कागदावर समिती हो कसं म्हणणार? मी ते प्रिंट केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेकॉर्ड रूममध्ये गेले. दफ्तरी रॅक पुसत होता. मी म्हटलं, "काका, आता मी विचारते आहे. त्या गठ्ठ्याबद्दल जे माहीत आहे ते सगळं सांगा."

"बसा," तो म्हणाला आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं. त्या खोलीत मी पहिल्यांदाच बसले.

त्याने सांगितलं ते असं. वह्या जुन्या, लोक पानं उलटतात, पानं सुटतात. कोणतं पान कोणत्या गावचं हे अक्षरावरून आणि आडनावांवरून त्याला कळायचं. बुधवारच्या गावांची सुटलेली सगळी पानं तो एका जागी बांधून ठेवायचा, म्हणजे बुधवारी हाताशी. आणि पान इतकं फाटकं असायचं की त्यावरून एक ओळ उतरून द्यायची सोय नव्हती. म्हणून नक्कल मागितली की अख्ख्या पानाची झेरॉक्स काढून शिक्का मारून द्यायचा.

"अख्ख्या पानाची?"

"हो ना. एकाची नोंद मागतली तरी पानावरचे सारेच जातेत."

आम्ही नक्कल रजिस्टरं काढली. ती माझ्याच व्यवस्थेत असल्यामुळे लगेच सापडली, एवढं तरी लिहू द्या. दुपारपर्यंत दोघं मिळून पाहत बसलो. त्याच बाईच्या गावच्या एका माणसाने काही वर्षांपूर्वी मुलासाठी नक्कल नेली होती, त्याच वर्षाच्या नोंदीची.

"पान तेच असेल का?"

"असंन. पन वर्षाचे दोन-तीन पानं असतेत. खात्री नाई देत." एवढं बोलून तो थांबला, आणि मग मी न विचारता म्हणाला, "गावचे लोक बुधवारी येतेत. त्याहिले पुसतो, तो मानूस कुठी राह्यते ते."

बुधवार यायला सहा दिवस होते. मी म्हटलं, आपण गावात जाऊन विचारू. तो म्हणाला, सणाचा झेंडू तोडायला आला आहे, माणसं शेतात असतील, कोणी भेटणार नाही. मी तरी गेले. कोणी भेटलं नाही. बुधवारी तो फाटकाशी उभा राहिला आणि अर्ध्या तासात पत्ता घेऊन आला. तो माणूस आता मुलाकडे अकोल्यात होता. त्या दिवशी बाईपण आली होती. मी तिला खरं सांगितलं, पानं माझ्या हातून नष्ट झाली आणि त्यांची झेरॉक्स शोधायला अकोल्याला जाते आहे. तिने हातातली पिशवी टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "मले त्यातलं काई समजत नाई. पोरीची शीट गेली नाई पाह्यजे." मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी होती. रडत होती हे मला पाठीवरून कळलं.

गुरुवारी मी आणि दफ्तरी एस.टी.ने अकोल्याला गेलो. "प्रवास भत्ता भेटन काय?" त्याने मूर्तिजापूरला विचारलं. भेटणार नाही, म्हटलं. नाहीच भेटला. गोरक्षण रोडकडे दुसऱ्या मजल्यावर ते घर होतं. म्हातारा धोतरातला, कान तिखट. आम्ही तहसीलीतून आलो म्हटल्यावर त्याने आधी दार अर्धं लावलं. सरकारी माणूस घरी येतो तो काहीतरी घेऊनच जातो, असं त्याचं म्हणणं. दफ्तऱ्याने गावचे चार जण सांगितले, कोणाच्या घरी कोण गेलं, कोणाची विहीर आटली, तेव्हा चहा आला.

म्हाताऱ्याने लोखंडी कपाटातून ते पान काढलं. लॅमिनेट केलेलं. मी हात पुढे केला तर त्याने छातीशी धरलं. "लांबून पाहा."

दफ्तरी चष्मा लावून जाग्यावरूनच वाचू लागला. प्लास्टिकवर खिडकीचा उजेड चमकत होता, म्हातारा पान जरा इकडे, जरा तिकडे करत होता. ओळीमागून ओळ गेली. मला वाटलं, दुसरंच पान आहे, संपलं. मी मनात त्या मुलीला काय सांगायचं ते जुळवायला लागले होते.

"खालून तिसरं," दफ्तरी म्हणाला.

बापाचं नाव, जात, मुलाचं नाव. बाईने अर्जासोबत दिलेल्या वंशावळीत होतं अगदी तेच. मी तिथेच पलंगावर बसले, कोणी बसा म्हटलं नसताना.

झेरॉक्स काढायला म्हातारा स्वतः आला. पान काचेवर ठेवतानाही त्याने कोपरा सोडला नाही, त्यामुळे पहिल्या प्रतीवर त्याचा अंगठा आला. दुसरी काढली. जाताना त्याने विचारलं, "याचं असली पान तुमच्या हापिसात असंन ना?"

"नाही."

"काहून?"

"मी यंत्रात घातलं."

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, आपलं पान शर्टाच्या आत घातलं आणि वरची गुंडी लावली.

आता प्रश्न असा की या झेरॉक्सवर शिक्का कसा मारायचा. सत्यप्रत म्हणजे मुळाशी ताडून पाहिलेली प्रत, आणि मूळ नव्हतं. जीर्ण आहे म्हणावं तर समितीचा माणूस म्हणणार, जीर्ण तर जीर्ण, दाखवा. म्हणजे एकच वाट राहिली, झालं तसं लिहायचं. मी लिहिलं. हे पान अमुक वहीतलं सुटलेलं होतं. खाली सही करणारीने ते न वाचता, स्वतःच्या चुकीने ड वर्गात टाकलं आणि ते तिच्यासमक्ष नष्ट झालं. त्याआधी याच कार्यालयाने रजिस्टरच्या अमुक नोंदीने त्याची नक्कल दिली होती, सोबतची झेरॉक्स त्या नकलेची आहे.

साहेबांनी दोनदा वाचलं. "'न वाचता' काढा."

"मग ते विचारतील, वाचलं होतं तर टाकलं कसं."

"तुम्हाला नोटीस मलाच काढावी लागेल, कळतंय ना?"

"काढा, सर."

पुढचं आधीच सांगून टाकते, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. समितीने पत्र आणि रजिस्टर दोन्ही मागवून पाहिली, दाखला मुदतीच्या आत आला, मुलीची जागा राहिली. मला नोटीस आली आणि एक वेतनवाढ थांबली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. लक्षात राहिला आहे तो पत्र द्यायचा दिवस.

ती एकटीच माझ्या टेबलासमोर बसली होती, मुलगी आधार कार्डाच्या झेरॉक्स काढायला गेली होती. "वाचून दाखवा मॅडम," ती म्हणाली. "कशावर काय लिहेल हाय ते मले मालूम पाह्यजे." मी वाचायला लागले. 'स्वतःच्या चुकीने' आलं तसा तिने कागदावर हात ठेवला. बोटं झेंडूने पिवळी झालेली.

"हे काहून लिहिता?"

"तसं झालं म्हणून."

"मोठ्या साहेबानं पाह्यलं तं नोकरीवर येईन ना तुमच्या."

मी पेनाचं टोपण काढलं.

"पोरीची शीट गेली असती ना," ती म्हणाली, "तं मीच आली असती तुमची नोकरी खायले. याच पायरीवर बसून राह्यली असती, उठली नसती. मनात धरूनच होती मी. पन आता भेटला ना कागद. तुमालेई लेकरं असतीन. खोडा ते."

मला रडू आलं. तिच्यासमोर रडायचं नाही म्हणून मी शिक्का शोधायला लागले, आणि शिक्का समोरच होता. खोडता येत नाही, मी म्हटलं, खोडलं तर हा कागद समितीत चालणार नाही. तिने थोडा विचार केला. मग हात उचलला, आणि मी सही केली.